मल्टिव्ह्यूअरवर चित्र एकाचे, नाव दुसऱ्याचे: वारंवार उद्भवणाऱ्या दोषाचा शोध आणि उपाय

वृत्तवाहिनीच्या पीसीआरमध्ये (बुलेटिन चालवणाऱ्या नियंत्रण कक्षात) समोरच्या मल्टिव्ह्यूअरवर (अनेक स्रोतांची चित्रे एकाच पडद्यावर छोट्या विंडोंमध्ये दाखवणाऱ्या यंत्रावर) एका विंडोखाली ‘पुणे’ असे नाव झळकत असते आणि आतले चित्र मात्र नागपूरच्या वार्ताहराचे असते. पॅनल प्रोड्यूसर पुणे मागतो, व्हिजन मिक्सरवर (प्रक्षेपणाचे चित्र निवडणाऱ्या यंत्रावर) बसलेला सहकारी नाव वाचून त्या विंडोचे बटण दाबतो आणि पुण्याच्या बातमीवर नागपूरचे दृश्य प्रक्षेपित होते. अभियंत्याला हाक मारली जाते, तो मल्टिव्ह्यूअर बंद करून पुन्हा चालू करतो, सगळी नावे जागच्या जागी येतात आणि चार-सहा दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. अपघात, पूर किंवा मृत्यूच्या बातमीत असे झाले, तर ज्यांचा त्या घटनेशी काहीही संबंध नाही अशी माणसे चुकीच्या गावाच्या नावाखाली घराघरांत दिसतात. म्हणून या दोषाकडे ‘रीस्टार्टने जातो’ एवढ्यावर सोडून देण्यासारखी किरकोळ गोष्ट म्हणून पाहू नये, असे मला मनापासून वाटते.

मी ज्या पीसीआरमध्ये हा दोष पाहिला, तिथे ७२ इनपुट आणि ७२ आउटपुट असलेला एसडीआय राउटर (केबलवरून येणारे व्हिडिओ संकेत हव्या त्या ठिकाणी वळवणारे यंत्र) होता आणि त्याचे ४१ ते ५६ हे १६ आउटपुट मल्टिव्ह्यूअरच्या १ ते १६ इनपुटना जोडलेले होते. दोष सापडायला आम्हाला काही आठवडे लागले. त्याचे मुख्य कारण हे, की प्रत्येक वेळी घाईने रीस्टार्ट करून आम्ही पुरावाच पुसून टाकत होतो.

चित्राची वाट आणि नावाची वाट

राउटरमध्ये प्रत्येक आउटपुटला एका वेळी एकच इनपुट जोडता येतो, पण एक इनपुट हव्या तितक्या आउटपुटना देता येतो. ७२ गुणिले ७२ अशा राउटरमध्ये ५,१८४ क्रॉसपॉइंट, म्हणजे इनपुट-आउटपुटच्या संभाव्य जोडण्या, असतात आणि त्यांतला कोणता चालू आहे याचा तक्ता राउटर स्वतःच्या स्मृतीत ठेवतो. १०८०आय५० या आपल्याकडे रुळलेल्या एचडी मानकात एसडीआयचा वेग सेकंदाला १.४८५ गिगाबिट असतो. केबलमध्ये क्षीण झालेला हा संकेत राउटर सावरतो, त्याचे घड्याळ नीट करतो आणि पुढे पाठवतो. चित्र उलगडून त्यात काय आहे हे तो पाहत नाही, त्यामुळे १२ क्रमांकाच्या इनपुटवर पुणे आहे की नागपूर हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो. त्याच्याजवळ असते ते ‘इनपुट १२ म्हणजे पुणे’ असे कोणीतरी टाइप करून ठेवलेले लेबल.

मल्टिव्ह्यूअर मात्र प्रत्येक इनपुटचे चित्र उलगडतो, फ्रेम स्टोअरमध्ये (चित्रे साठवणाऱ्या स्मृतीत) घेतो, लहान करतो आणि ठरलेल्या मांडणीत एका मोठ्या पडद्यावर बसवतो. चित्र त्याच्याकडे व्हिडिओच्या बीएनसी केबलने येते. नाव या केबलमधून येत नाही. ते नेटवर्कवरून किंवा सीरियल लाइनवरून, वेगळ्याच वेळी आणि वेगळ्याच मार्गाने येते. ‘माझा इनपुट ५ राउटरच्या आउटपुट ४५ ला जोडला आहे’ असे मल्टिव्ह्यूअरच्या सेटिंगमध्ये लिहिलेले असते. त्या आधारावर तो राउटरला विचारतो की आउटपुट ४५ वर सध्या कोणता इनपुट आहे. उत्तर येते १२. मग १२ चे लेबल काय, याचे उत्तर येते पुणे. म्हणजे केबलविषयीची घोषणा, क्रॉसपॉइंटची नोंद आणि लेबल अशा तीन दुव्यांवर विंडोखालचे नाव उभे असते आणि यांतला कोणताही एक दुवा निसटला, तरी चित्र पूर्णपणे निर्दोष दिसत असताना नाव चुकते. राउटरचा तक्ता हीच मूळ नोंद आहे, बाकी सर्व ठिकाणी दिसतात त्या तिच्या नकला. मूळ नोंदीशी पहिल्यांदा न जुळणारी नक्कल कोणती, एवढेच या दोषात शोधायचे असते.

रीस्टार्ट करण्यापूर्वी

दोष दिसताच बुलेटिन सांभाळण्यासाठी व्हिजन मिक्सरवरील सहकाऱ्याला सांगावे की नावावर विसंबू नका, टॉकबॅकवर वार्ताहराला हात वर करायला सांगून खात्री करा. त्यानंतर घड्याळासह संपूर्ण मल्टिव्ह्यूअरचे छायाचित्र काढावे आणि राउटरचा तक्ता थेट राउटरकडूनच घ्यावा. कंट्रोल पॅनलवर दिसणारी माहितीही एक नक्कलच असते, म्हणून ती प्रमाण मानू नये. उदाहरणार्थ, ब्लॅकमॅजिक डिझाइनच्या व्हिडिओहब राउटरशी संगणकावरून टेलनेटने (दुसऱ्या यंत्राशी मजकुरातून बोलण्याच्या सोयीने) ९९९० या पोर्टवर जोडणी केली, की राउटर आपणहून सगळी लेबले आणि सगळे क्रॉसपॉइंट साध्या मजकुरात पाठवतो. त्यात आउटपुट ४५ ला इनपुट १२ जोडलेला असेल, तर ती ओळ ‘४४ ११’ अशी दिसते, कारण त्या प्रोटोकॉलमध्ये (यंत्रांच्या आपसांतील संवादाच्या नियमांत) मोजणी शून्यापासून सुरू होते. हा एकाचा फरक लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

आता पहिला निर्णय असा करायचा की चूक चित्रात आहे की नावात. हातातला छोटा एसडीआय मॉनिटर राउटरच्या शंकास्पद आउटपुटवर लावावा. तक्ता सांगतो पुणे आणि मॉनिटरवर दिसते नागपूर, तर नावाची यंत्रणा निर्दोष आहे. कोणीतरी पॅच पॅनलवर दोर बदलला आहे, रिसीव्हर दुसऱ्या फीडवर लावला आहे किंवा इनपुटची केबल हलली आहे. तक्ता आणि मॉनिटर दोन्ही नागपूर सांगतात आणि मल्टिव्ह्यूअर मात्र पुणे दाखवतो, तर चूक नावाच्या वाटेवर आहे. हा निर्णय न करता मी मी म्हणणारे लोक लेबले पुन्हा टाइप करू लागतात आणि मूळ दोषावर दुसऱ्या दोषाचा थर चढवतात.

चुकीची ठेवण काय सांगते

सोळाही विंडोंमधली नावे एकाने सरकलेली असतील, म्हणजे प्रत्येक नाव शेजारच्या विंडोचे असेल, तर जवळजवळ नेहमी मोजणीचा घोळ असतो. माणसे आणि पॅनल १ पासून मोजतात, तर व्हिडिओहबचा प्रोटोकॉल आणि प्रो-बेल कंपनीचा जुना, अजूनही सर्वत्र बोलला जाणारा एसडब्ल्यू-पी-०८ प्रोटोकॉल हे दोन्ही ० पासून मोजतात. मल्टिव्ह्यूअरचे सॉफ्टवेअर हा फरक स्वतः भरून काढते की सेटिंगमध्ये आपण भरून काढायचा असतो, हे प्रत्येक यंत्रावर एकदा पडताळावे लागते. असा दोष पहिल्या दिवसापासून दिसतो. सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यानंतर किंवा सेटिंगची जुनी फाइल नव्या यंत्रावर चढवल्यानंतरही तो डोके वर काढतो.

एकाच विंडोचे नाव कायम चुकत असेल, तर केबलविषयीची घोषणा तपासावी. मल्टिव्ह्यूअरचा इनपुट ५ बिघडला म्हणून कोणी केबल इनपुट ९ मध्ये घातलेली असते आणि सेटिंगमध्ये जुनीच जोडणी राहिलेली असते. नाव कधीच बदलत नसेल, तर त्या विंडोला राउटरकडून आलेल्या नावाऐवजी मल्टिव्ह्यूअरमध्येच टाइप केलेले स्थिर नाव दिलेले असू शकते. नाव दोन शब्दांमध्ये सतत आलटून पालटून बदलत असेल, तर दोन यंत्रे एकाच पत्त्यावर नाव पाठवत आहेत, असे समजून त्यांतले एक काही वेळ बाजूला काढून पाहावे.

सर्वांत फसवा प्रकार तो, ज्यात काही नावे बरोबर असतात, काही चूक असतात आणि रीस्टार्टनंतर सगळी बरोबर होतात. आमच्याकडे हाच होता.

आमच्या दोषाचे मूळ

मल्टिव्ह्यूअर चालू होताना राउटरकडून एकदाच पूर्ण तक्ता मागवून घेत होता आणि त्यानंतर फक्त बदलांच्या सूचनांवर विसंबून होता. एखादा क्रॉसपॉइंट बदलला, की राउटर त्या बदलाचा संदेश पाठवी आणि मल्टिव्ह्यूअर आपली नक्कल दुरुस्त करी. ही पद्धत उत्तम आहे, पण मधली टीसीपी जोडणी (नेटवर्कवरचा दोन यंत्रांमधला सततचा दुवा) जिवंत असेल तोवरच.

आमच्या इमारतीत काही महिन्यांपूर्वी कंट्रोल नेटवर्कचे दोन व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे आभासी वेगळे भाग) करण्यात आले होते आणि त्यामुळे राउटर एका बाजूला व मल्टिव्ह्यूअर दुसऱ्या बाजूला गेला होता. मध्ये फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची वाहतूक गाळणारी यंत्रणा, होती. तासभर एकही पॅकेट न गेलेली जोडणी ती आपल्या स्मृतीतून काढून टाकी आणि तसे दोन्ही टोकांपैकी कोणालाही कळवत नसे. रात्री शेवटच्या बुलेटिननंतर कोणी राउटरला हात लावला नाही, की जोडणी निष्क्रिय होई आणि फायरवॉल तिला विसरे. सकाळी पहिला क्रॉसपॉइंट बदलल्यावर राउटरचा संदेश फायरवॉलपाशीच नाहीसा होई, राउटर काही वेळा पुन्हा प्रयत्न करून आपल्या बाजूची जोडणी बंद करी आणि मल्टिव्ह्यूअर मात्र, तो केवळ ऐकत बसलेला असल्याने, जोडणी चालूच आहे असे धरून राही. त्याच्या पडद्यावर जोडणीचा दिवा हिरवाच होता. सकाळपासून न बदललेल्या विंडोंची नावे अर्थातच बरोबर होती, बदललेल्यांची मात्र आदल्या रात्रीची होती.

रोज तसे का होत नसे, हे कोडे आम्हाला फार छळत होते. राउटरच्या क्रॉसपॉइंटच्या नोंदी आणि दोषाच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्यावर उत्तर मिळाले. ज्या रात्री उशिरा रेकॉर्डिंग असे, त्या रात्री अधूनमधून क्रॉसपॉइंट बदलत राहत आणि जोडणी टिकून राही. ज्या रात्री स्टुडिओ पूर्ण शांत असे, त्याच्या दुसऱ्या सकाळी नावे अडकत.

हे पडताळण्याची रीत सोपी आहे. दोष दिसत असताना राउटरकडे जोडलेल्या क्लायंटची यादी पाहावी किंवा नेटवर्क स्विचवर पोर्ट मिरर करून (एका पोर्टवरच्या वाहतुकीची प्रत दुसऱ्यावर घेऊन) वाहतूक पाहावी. मल्टिव्ह्यूअर ‘जोडलेला’ असल्याचे सांगतो आणि राउटरच्या यादीत तो नाही, असे दिसले, की अर्धमेली जोडणी सापडलीच. या ठिकाणी टीसीपीच्या कीप-अलाइव्हवर (जोडणी जिवंत आहे का हे पाहणाऱ्या संदेशांवर) डोळे मिटून भरवसा ठेवू नये. लिनक्समध्ये पहिला कीप-अलाइव्ह संदेश जाण्याआधीचा मूळ अवधी ७,२०० सेकंद, म्हणजे २ तास असतो, आणि तोही सॉफ्टवेअरने ती सोय मागितली असेल तरच लागू होतो. फायरवॉल १ तासात विसरत असेल, तर २ तासांनी जाणारा संदेश काय कामाचा?

आम्ही राउटर आणि मल्टिव्ह्यूअरचे कंट्रोल पोर्ट पुन्हा एकाच व्हीलॅनमध्ये आणले, कीप-अलाइव्हचा अवधी ६० सेकंद केला आणि दर ५ मिनिटांनी पूर्ण तक्ता नव्याने मागवण्याची सोय सुरू केली. यांतला तिसरा उपाय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण दोषाचे मूळ कोणतेही असो, नक्कल चुकली तरी ती ५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ चुकीची राहत नाही. व्हिडिओहबच्या प्रोटोकॉलमध्ये राउटर प्रतिसाद देतो की नाही हे पाहण्यासाठी पिंग नावाचा संदेश दिलेला आहे. त्याची पोच आली नाही, तर जोडणी तोडून पुन्हा करावी, एवढे मधल्या सॉफ्टवेअरला शिकवता येते. ज्यांचा मल्टिव्ह्यूअर यांपैकी काहीच करू शकत नाही, त्यांनी निदान पहाटेच्या पहिल्या बुलेटिनआधी केवळ राउटरची जोडणी तोडून पुन्हा जोडण्याचे काम वेळापत्रकात टाकावे.

नावे कापली जाणे आणि देवनागरीचा प्रश्न

काही वेळा नाव चुकीचे नसते, अर्धवट असते. एसडब्ल्यू-पी-०८ मध्ये नावे ४, ८ किंवा १२ अक्षरांची मागवली जातात. रोमन लिपीत ‘रिसेप्शन’ हा शब्दच ९ अक्षरांचा आहे. त्यामुळे ८ अक्षरांच्या सेटिंगवर ‘रिसेप्शन १’ आणि ‘रिसेप्शन २’ दोन्ही सारखेच दिसतात आणि घाईत बसलेल्या माणसाला ते चुकीचे नाव वाटते. वेगळेपण दाखवणारा भाग नेहमी नावाच्या सुरुवातीला घ्यावा.

मराठी वाहिन्यांमध्ये नावे देवनागरीत हवीत, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि मलाही ती आहे. पण टीएसएल या, मल्टिव्ह्यूअरला नावे पाठवणाऱ्या प्रोटोकॉलच्या ३.१ या आवृत्तीत, जी अजूनही सर्वाधिक आढळते, प्रत्येक संदेश १८ बाइटचा असतो आणि त्यांपैकी १६ बाइट नावासाठी असतात, तेही साध्या अ‍ॅस्की अक्षरांसाठी. ‘नागपूर’ या शब्दात काना आणि उकार धरून ६ संकेतचिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण १८ बाइट. शब्द जागेत मावत नाही आणि मावला असता तरी समोरचे यंत्र त्याची प्रश्नचिन्हे करील. टीएसएलच्या ५.० या आवृत्तीत युनिकोडची सोय आहे, मात्र मल्टिव्ह्यूअरमध्ये देवनागरी फॉण्ट आणि जोडाक्षरे नीट जुळवणारी व्यवस्था असावी लागते. ती स्वतः पाहिल्याशिवाय प्रक्षेपणाच्या पडद्यावर देवनागरी नावे नेऊ नयेत.

टाय-लाइन आणि टॅली

स्टुडिओचा छोटा राउटर आणि एमसीआरचा (मुख्य नियंत्रण कक्षाचा) मोठा राउटर टाय-लाइनने (दोन राउटरमधल्या कायमच्या केबलने) जोडलेले असतात, तिथे मल्टिव्ह्यूअरला केवळ मोठ्या राउटरचा तक्ता दिसतो. मोठ्या राउटरच्या दृष्टीने स्रोत असतो ‘टाय-लाइन ३’. त्या टाय-लाइनवर पलीकडे कॅमेरा २ आहे की ग्राफिक्स, हे छोट्या राउटरच्या तक्त्यात असते. कोणीतरी सोय म्हणून टाय-लाइनच्या लेबलात ‘कॅमेरा २’ टाइप करून ठेवतो आणि पुढच्या महिन्यात ते लेबल खोटे ठरते. याचा खरा उपाय म्हणजे दोन्ही राउटरच्या वर असलेल्या नियंत्रण प्रणालीकडून मूळ स्रोताचे नाव काढून तेच टीएसएलने मल्टिव्ह्यूअरला देणे. तशी प्रणाली नसेल, तर टाय-लाइनचे लेबल ‘टाय-लाइन ३’ असेच ठेवावे. ते कमी सोयीचे आहे, पण खोटे नाही.

टॅलीचा, म्हणजे कोणता स्रोत प्रक्षेपणावर आहे हे दाखवणारा, लाल दिवा याच वाटेने चुकतो. मिक्सर सांगतो की त्याचा इनपुट ३ प्रक्षेपणावर आहे. तो इनपुट राउटरच्या ज्या आउटपुटला जोडला आहे, त्यावर कोणता स्रोत आहे आणि तोच स्रोत मल्टिव्ह्यूअरच्या कोणत्या विंडोंमध्ये दिसतो, हे तक्त्यावरून शोधून मग दिवा लावावा लागतो. दिवा स्रोताच्या मागे जायला हवा. तो विंडोच्या क्रमांकाला बांधून ठेवला, तर विंडोतला स्रोत बदलल्यावर दिवा जुन्या जागीच राहतो. नाव आणि दिवा दोन्ही एकदम चुकत असतील, तर दोघांना तक्ता पुरवणारी नक्कल शिळी झाली आहे. नाव बरोबर आणि दिवा चूक असेल, तर मिक्सरच्या बाजूची जोडणीची यादी पाहावी.

जो दोष नव्हे तो

क्रॉसपॉइंट बदलल्यावर क्षणभर चित्र नवे आणि नाव जुने दिसणे हा दोष नाही. सेकंदाला २५ फ्रेम धरल्यास एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, मल्टिव्ह्यूअर चित्राला एक-दोन फ्रेम घेतो आणि नाव नेटवर्कवरून आपल्या गतीने येते. हा काळ सेकंदापेक्षा लांबला, तर मात्र शोध घ्यावा. बदलाच्या वेळी विंडो काळी पडून ‘सिग्नल नाही’ असा इशारा येत असेल, तर तो नावाचा प्रश्न नसून संदर्भ संकेताचा आहे. राउटरला जेनलॉक (सर्व यंत्रांना एका तालात ठेवणारा संदर्भ संकेत) मिळत असेल, तर तो १०८० ओळींच्या मानकात ७ व्या ओळीवर, उभ्या रिकाम्या काळात (चित्र नसलेल्या ओळींच्या वेळात) बदल करतो. स्रोत एकमेकांशी जुळलेले नसतील किंवा राउटरचा संदर्भ तुटला असेल, तर मल्टिव्ह्यूअरला नव्या संकेतावर पकड बसवायला वेळ लागतो.

आयपीवर आधारित, म्हणजे एसएमपीटीईच्या एसटी २११० मानकाने चालणाऱ्या केंद्रांत राउटर नावाची पेटीच नसते. मल्टिव्ह्यूअर स्वतःच हव्या त्या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेक यंत्रांना घेता येणाऱ्या) प्रवाहात सामील होतो आणि तक्ता नियंत्रकाकडे असतो. तिथे एखाद्याने नियंत्रकाला वळसा घालून थेट रिसीव्हरवर बदल केला, की नाव चुकते. अशा वेळी नियंत्रकाचे न ऐकता, आयएस-०५ या जोडणी-नियंत्रणाच्या मानकातून रिसीव्हरलाच त्याची सध्याची सक्रिय स्थिती विचारावी.

आमच्याकडे आता कोणतीही केबल, व्हीलॅन किंवा सेटिंग बदलल्यावर एक चाचणी होते. टेस्ट जनरेटरमधून स्वतःचे नाव चित्रातच लिहिलेला कलर बार एका इनपुटला देतात, तो ४१ ते ५६ या सर्व आउटपुटवर एकामागून एक पाठवतात आणि प्रत्येक वेळी चित्रातले नाव व विंडोखालचे नाव जुळते का ते दोघे जण पाहतात, एक राउटरपाशी आणि एक पीसीआरमध्ये. सोळा विंडोंना साधारण १० मिनिटे लागतात. शांत रात्रीनंतरच्या सकाळी, पहिल्या बुलेटिनआधी, हीच चाचणी केवळ दोन विंडोंवर केली जाते आणि तिची वेळ वहीत लिहिली जाते.